टोकियोत उतरल्यावरचा पहिला दिवस

मुंबईहून संध्याकाळी निघालेलं थेट विमान दुसऱ्या दिवशी सकाळी नारिताला उतरतं. तिथल्या घड्याळात आठ वाजलेले असतात आणि तुमच्या शरीरात पहाटेचे साडेचार, कारण जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. विमानात झोप म्हणावी तशी झालेली नसते, पाय जड झालेले असतात आणि हातातल्या कागदावर लिहिलेलं असतं: दुपारी आसाकुसाचं देऊळ, संध्याकाळी शिबुयाचा तो प्रसिद्ध चौक, रात्री स्कायट्री. हा कागद मुलाने केलेला असो, भाच्याने असो की व्हिडिओ पाहून तुम्ही स्वतः केलेला असो, त्यातला पहिला दिवस सरळ खोडून टाका.

त्या दिवशी चार कामं शिकून घ्यायची आहेत. गाडीने जाणं-येणं, दुकानात पैसे देणं, आपल्याला चालेल असं खाणं शोधणं आणि संध्याकाळी कोणाला न विचारता हॉटेलवर परतणं. जपानमध्ये जवळपास सगळं यंत्रावर आणि ठरलेल्या रीतीने चालतं. रीत कळली की पाच वर्षांच्या मुलालाही जमतं, नाही कळली तर मोठा माणूस यंत्रासमोर घामाघूम होतो. मागे रांग लागलेली असते आणि रांगेतलं कोणी चकार शब्द बोलत नाही, त्याने तर अधिकच कानकोंडं होतं. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना यातलं निम्मं लागणार नाही. त्यांची बस दाराशी येते आणि रात्री वरणभात मिळतो. हा लेख आपापलं जाणाऱ्यांसाठी आहे.

निघण्याआधी

सामानाच्या बाबतीत दोनच गोष्टी खरोखर महत्त्वाच्या. पहिली औषधं. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती नेता येतात, त्याहून जास्त असतील तर जपान सरकारची आगाऊ परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर औषधाचं मूळ रासायनिक नाव, आणि गोळ्या मूळ पाकिटातच ठेवलेल्या बऱ्या. सर्दीच्या औषधांकडे विशेष लक्ष द्या. सुडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेलं औषध तिथे नेताच येत नाही, आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. घरातून निघताना मूठभर गोळ्या डबीत ओतून घेण्याची आपली सवय इथे महागात पडू शकते.

दुसरी गोष्ट खाण्याची. चिवडा, चकली, खाकरे, लाडू असा कोरडा फराळ न्यायला हरकत नाही. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, कच्चे तांदूळ-डाळी यांना मात्र पीक-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं आणि मांसाचे पदार्थ नेऊच नयेत. मुलासाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह मे महिन्यात अनेकांना होतो. तो विमानतळावरच संपतो.

विजेचं सांगायचं तर तिथे १०० व्होल्टचा पुरवठा आणि दोन चपट्या पिनांचा प्लग. मोबाइलचा चार्जर साध्या अडॅप्टरवर चालतो. आपल्याकडची किटली किंवा केसांचं यंत्र नेऊ नका, नुसतं कोमट होऊन बसेल.

विमानतळावरचा पहिला तास

‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी संकेतस्थळावर घरूनच माहिती भरली की एक क्यूआर कोड मिळतो. तो फोनमध्ये जपून ठेवा, म्हणजे विमानात फॉर्म भरत बसावं लागत नाही. इमिग्रेशनला दोन्ही हातांच्या तर्जनीचे ठसे आणि फोटो घेतात, तिथून पुढे कस्टम्स. पासपोर्ट यानंतर हॉटेलच्या तिजोरीत टाकायचा नाही. परदेशी पाहुण्याने तो सदैव जवळ बाळगावा असा तिथला कायदाच आहे.

बाहेर आलात की घाई न करता दोन कामं उरका. सेव्हन-इलेव्हनच्या किंवा जपान पोस्टच्या एटीएममधून थोडे येन काढा. या यंत्रांवर परदेशी कार्डं चालतात आणि पडद्यावर इंग्रजी येतं. कार्ड आंतरराष्ट्रीय वापरासाठी चालू केलंय का, हे बँकेकडून आधीच पाहून ठेवा. मग गाडीचं कार्ड घ्या. पर्यटकांसाठी ‘वेलकम सुइका’ मिळतं. ते २८ दिवस चालतं आणि त्याला अनामत नाही. साध्या सुइकाला ५०० येन अनामत पडते. हे कार्ड टोकियोच्या बहुतेक गाड्या, मेट्रो आणि बसमध्ये तर चालतंच, शिवाय दुकानात आणि पेयांच्या यंत्रावरही चालतं. माणशी एक घ्या. एका कार्डावर नवरा-बायको दोघं एका वेळी आत जाऊ शकत नाहीत.

नारिता नावालाच टोकियोचा विमानतळ. शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर दूर, चिबा प्रांतात आहे तो. टॅक्सी केलीत तर वीस हजार येनच्या घरात किंवा वर बिल जाईल. नारिता एक्स्प्रेस टोकियो स्टेशन, शिंजुकूकडे नेते. केइसेची स्कायलायनर चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर निप्पोरीला आणि तिथून उएनोला सोडते. हॉटेल यापैकी कशाच्या जवळ आहे ते पाहून ठरवा. बस स्वस्त असते, सामान पोटात जातं आणि जिने चढावे लागत नाहीत, म्हणून वयस्क मंडळींना मी बसच सुचवतो. विमान हानेदाला उतरणार असेल तर निम्मा त्रास वाचला. तो विमानतळ शहरातच आहे, मोनोरेल किंवा केइक्यू लाइनने झटपट पोचता येतं.

मोठ्या बॅगांसाठी ‘ताक्क्युबिन’ नावाची सोय आहे. आगमनाच्या दालनात काळ्या मांजराचं चिन्ह असलेला काउंटर दिसेल. तिथे बॅग दिली की ती हॉटेलवर पोचते, बहुधा दुसऱ्या दिवशी. म्हणून एका रात्रीचे कपडे, दात घासायचा ब्रश आणि औषधं खांद्यावरच्या पिशवीत हवीत. दोन-तीन हजार येन हकनाक जातात असं वाटेल. पण शिंजुकूच्या जिन्यांवर तेवीस किलोची बॅग ओढणारा माणूस पाहिलात की वाटणार नाही.

चिल्लर ओळखा

जपानमध्ये कार्ड आणि क्यूआरचं चलन वाढलंय, तरी देवळातलं दानपात्र, लहान खानावळ, लॉकर अशा ठिकाणी रोख लागतेच. सगळ्यात लहान नोट हजार येनची, त्याखाली सगळी नाणीच. संध्याकाळपर्यंत खिसा नुसता खुळखुळायला लागतो, म्हणून नाण्यांसाठी चेनचं छोटं पाकीट न्या. हॉटेलच्या पलंगावर नाणी मांडून एकदा ओळख करून घ्या. १, ५, १०, ५०, १०० आणि ५०० अशी सहा नाणी असतात. पन्नासचं आणि पाचचं दोन्ही मध्ये भोक असलेली, पन्नासचं रुपेरी आणि पाचचं पितळी. पाचच्या नाण्यावर आपल्याला वाचता येईल असा आकडाच नसतो, सगळं चित्रलिपीत. गल्ल्याशी नवखा माणूस ते उलटंपालटं करत उभा असतो, तो याच नाण्यापायी.

जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या. जुन्याही चालतात, पण काही जुनी यंत्रं नव्या नोटा घेत नाहीत. यंत्राने नोट परत केली तर ती खोटी नाही. दुसरी घालून पाहा.

पैसे हातात द्यायचे नसतात. गल्ल्यावर एक छोटा ट्रे ठेवलेला असतो, त्यात ठेवा. सुटे परतही बहुधा त्यातच मिळतात. टीप द्यायची पद्धत नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर ‘विसरलात’ म्हणून कोणीतरी मागे धावत येईल.

गाडीचा सराव

हॉटेलात खोली साधारण तीन वाजता मिळते. त्याआधी पोचलात तर बॅगा काउंटरवर ठेवून घेतात, तक्रार न करता. मधले हे दोन-तीन तास गाडीच्या सरावाचे.

हॉटेलपासून जवळच्या स्टेशनवर चालत जा, दोन स्टेशनं पुढे जा, उतरा, फलाट बदलून परत या. यामानोते लाइन त्यासाठी उत्तम. हिरव्या पट्ट्याची ही गाडी शहराभोवती गोल फिरते, तीस स्टेशनं, पूर्ण फेरी तासाभराची. चुकीच्या बाजूची पकडली तरी हरकत नाही, फिरून तिथेच येते. फाटकावर कार्ड टेकवायचं, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. पैसे कमी पडले तर फाटकाची झडप बंद होते आणि पिंग आवाज येतो. घाबरायचं कारण नाही. फाटकाच्या आतच भाडं पूर्ण करून देणारं यंत्र असतं, त्यात कार्ड घालून फरक भरला की झालं. शक्य असेल तर हे मुद्दाम एकदा करून पाहा.

स्टेशनांची नावं लक्षात राहणार नाहीत, ठेवूही नका. टोकियोतल्या स्टेशनांना अक्षर आणि आकडा दिलेला असतो. गिंझा मेट्रोचं आसाकुसा म्हणजे जी-१९, त्याच लाइनचं दुसरं टोक शिबुया म्हणजे जी-०१. आकडा वाढतोय की कमी होतोय यावरून आपण योग्य दिशेला चाललोय की नाही ते एका स्टेशनात समजतं.

दादरच्या पुलावर वाढलेल्या माणसाला शिंजुकूच्या गर्दीचं काही वाटणार नाही. तिथला गोंधळ गर्दीचा नसून दारांचा आहे. दोनशेच्या वर बाहेर पडायचे रस्ते आहेत आणि चुकीच्या दाराने वर आलात तर पंधरा मिनिटं चालून परत फिरावं लागतं. म्हणून जाताना ज्या दाराने स्टेशनात शिरलात त्याच्या क्रमांकाच्या पाटीचा फोटो काढा. मग पाठ वळवून समोर जे दिसतं त्याचाही काढा, कारण रात्री दिव्यांमध्ये सगळं वेगळंच दिसतं.

सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात आणि ओसाकात उजवीकडे. जिन्यावर चालू नका अशा सूचना हल्ली सगळीकडे लावलेल्या असतात, तरी लोक उजवी बाजू मोकळी सोडतातच; तुम्ही पुढच्या माणसामागे उभे राहा. फलाटावर रांगेच्या खुणा आखलेल्या असतात. डब्यात फोनवर बोलत नाहीत, कोणीच नाही. गाडीतून आईला व्हिडिओ कॉल लावून स्पीकरवर ‘अगं दिसतंय का, किती स्वच्छ आहे बघ’ सांगणारी आपली मंडळी लगेच ओळखू येतात. तो कॉल उतरल्यावर करा, फलाटही तितकाच स्वच्छ असतो.

परतताना हॉटेल सापडत नसेल तर एक लक्षात घ्या. जपानी पत्त्यात बहुतेक ठिकाणी रस्त्याचं नाव नसतं. विभाग, त्यातला गट, त्यातली इमारत असे आकडे असतात. पत्ता दाखवून वाटेतल्या माणसालाही चटकन सांगता येत नाही, नकाशाच लागतो. आणि तिथला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. खानावळ दुसऱ्या मजल्यावर आहे असं लिहिलं असेल तर एकच जिना चढायचाय.

कोन्बिनीत

रात्रंदिवस उघडी असणारी छोटी दुकानं, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट, यांना तिथे कोन्बिनी म्हणतात. पहिल्या दिवसाचा अर्धा संसार इथे भागतो. एक पाण्याची बाटली आणि एक केळं घेऊन गल्ल्यावर जा. तिथली मुलगी भराभर काहीतरी विचारेल. पहिला प्रश्न बहुधा ‘फुकुरो’, म्हणजे पिशवी हवी का, हा. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात. हवी असेल तर ‘हाय, ओनेगाइशिमासु’, नको असेल तर ‘दाइजोबु देसु’. तयार जेवणाचा डबा घेतलात तर दुसरा प्रश्न ‘आतातामेमासुका’, गरम करून देऊ का? एवढ्या दोन उत्तरांवर दिवस निघतो. कोणाचं लक्ष वेधायचं, माफी मागायची, वाट मागायची, सगळ्याला एकच ‘सुमिमासेन’.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घेत जा. पेयांच्या यंत्रावर बाटलीखाली लाल पट्टी म्हणजे गरम, निळी म्हणजे थंड. थंडीत गरम बाटली हातात धरायलाही बरी वाटते.

कचरापेटी मात्र शोधूनही सापडत नाही. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांमधल्या पेट्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या. रिकामी पिशवी जवळ ठेवा, दिवसभराचा कचरा त्यात भरून हॉटेलवर न्या.

शाकाहारी माणसाचं पोट

इथे जरा सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेकांचा पहिला दिवस इथेच बिघडतो. ‘मी मांस खात नाही’ म्हटल्यावर जपानी माणूस अगदी मनापासून मासे पुढे करतो. मासेही नको म्हटलं तरी ‘दाशि’ उरतोच. हा त्यांच्या स्वयंपाकाचा मूळ रस. तो बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या पातळ कापांपासून आणि समुद्री शेवाळापासून करतात. मिसो सूप, नूडल्सचं पाणी, तेंपुराबरोबरची चटणी, उकडलेल्या भाज्या, गोडसर ऑम्लेट, सगळीकडे तो असतो. नुसत्या भाज्यांच्या ताटातही असतो, आणि वाढणाऱ्याच्या मनात फसवणुकीचा लवलेश नसतो. आपण भाजीत फोडणी घातली हे कोणाला वेगळं सांगतो का?

म्हणून हे वाक्य पाठ करा: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. दाशि मो दामे देसु.’ मांस आणि मासे खाता येत नाहीत, दाशिही चालत नाही. जपानी लिपीत लिहिलेला कागद जवळ असेल तर आणखी उत्तम. वेष्टनावरचा मजकूर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतरित होतो, पण एका गोष्टीला फसू नका. ॲलर्जीच्या चौकटीत अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा, अक्रोड असे मोजकेच पदार्थ दाखवणं सक्तीचं आहे. त्या चौकटीत मासा दिसला नाही म्हणजे मासा नाही असं होत नाही. घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते.

पहिल्या दिवसापुरतं खात्रीचं खाणं कोन्बिनीत आणि सुपरमार्केटात मिळतं: केळी, साधं दही, भाजलेले दाणे, नुसत्या मिठाचा भाताचा त्रिकोण (‘शिओ मुसुबि’ म्हणून मागा, तरी यादी वाचाच), उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा. थंडीत सुपरमार्केटाच्या दाराशी गरम दगडांवर भाजलेली रताळी ठेवलेली असतात. चिकट, मधासारखी गोड. उपासाला रताळ्याच्या किसावर समाधान मानणाऱ्यांनी एकदा खावीतच.

मांसाहारी मंडळींना अडचण कमी. पण गोमांस वर्ज्य असेल तर ‘ग्यु’ हा शब्द ओळखून ठेवा; ‘बुता’ म्हणजे डुक्कर, ‘तोरि’ म्हणजे कोंबडी. स्वस्तातलं ग्युदोन म्हणजे गोमांसाचा भात. काही खानावळींत दाराशीच यंत्र असतं. आधी पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, ती आत द्यायची. जेवताना काड्या भातात उभ्या खोचू नका, ते तिथे अंत्यविधीचं लक्षण आहे.

अगदीच घरची आठवण आली तर तोझाई मेट्रोने निशि-कासाई गाठा, टी-१६. गेल्या पंचवीस वर्षांत आयटीतल्या भारतीयांनी एदोगावा भागातलं हे ठिकाण आपलंसं केलंय. किराणा, डोसा, चहा सगळं मिळतं. याच एदोगावातून पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये नगरसभेवर निवडून आले. पण पहिल्याच दिवशी तिकडे धाव घेऊ नका असं माझं मत आहे. एकदा डोशाची सोय सापडली की मग दाशिची चौकशी होत नाही.

संडास

स्वतंत्र मथळा देण्यासारखा हा विषय आहे. स्टेशनांत, दुकानांत, बागांत संडास फुकट आणि स्वच्छ, आणि पाण्याची सोय जवळपास सगळीकडे. युरोपात नुसत्या कागदावर दिवस काढलेल्यांना इथे हायसं वाटेल. बाजूच्या फळीवर बटणं असतात. बसल्याखेरीज दाबू नका. थांबवण्याचं बटण आधी शोधून ठेवा, त्यावर बहुधा चौकोनाची खूण असते. पाणी सोडण्याची सोय कधी भिंतीवर, कधी टाकीवर, कधी हात समोर धरला की आपोआप. लाल किंवा नारिंगी मोठं बटण, दोरी असेल तर दोरीही, मदत बोलावण्यासाठी असते. हात पुसायला बहुधा काही नसतं, म्हणून बऱ्याच जपानी लोकांजवळ हातरुमाल असतो. तुम्हीही ठेवा.

अंधार पडल्यावर

डिसेंबरात टोकियोत साडेचारला सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. त्या हिशेबाने दिवे लागल्यावर हॉटेलच्या आसपास अर्धा-पाऊण तास फिरा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे रस्ता ओलांडताना मान योग्य बाजूला वळते. सायकली मात्र फुटपाथवरून येतात, मागून आणि बिनआवाजी. टॅक्सी केलीत तर मागचं डावं दार चालक आतून उघडतो आणि लावतो. आपण हात लावायचा नाही.

चौकाचौकांत ‘कोबान’ नावाची छोटी पोलीस चौकी असते. वाट विचारायला आणि हरवलेली वस्तू शोधायला बेधडक जा, त्यासाठीच ती आहे. पोलिसांचा क्रमांक ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९. हे दोन्ही कागदावर लिहून पासपोर्टात ठेवा, फोन बंद पडला तर उपयोगी येतात. फोन अचानक कर्कश वाजू लागला तर तो भूकंपाचा इशारा असू शकतो. पळत बाहेर सुटायचं नाही. टेबलाखाली शिरा, डोकं सांभाळा, लिफ्ट टाळा. लहानसहान हादरे तिथे नित्याचेच; आजूबाजूचे लोक काय करतात ते पाहा, बहुतेक वेळा ते चहा पीत राहतात.

रात्री दहा वाजता झोप येणार नाही, कारण आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. त्यात दुपारी तासभर लवंडलात तर दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडावं लागेल, तेव्हा दुपारची डुलकी टाळा. आणि सकाळी उशिरा जाग आली तर वाईट वाटून घेऊ नका. कामाच्या दिवशी साडेसात ते साडेनऊ गाड्यांना चिक्कार गर्दी असते, तेव्हा फिरायला आलेल्या माणसाने त्यात शिरण्यात काही अर्थ नाही. निघायचंच असेल तर बायकांनी फलाटावर गुलाबी पट्टीने दाखवलेला डबा बघावा; सकाळी काही गाड्यांत तो त्यांच्यासाठी राखीव असतो. नाहीतर दहाच्या पुढची गाडी पकडा. आसाकुसाचं देऊळ तेव्हाही उघडंच असतं.